थांबण्याचा सांगावा

माझ्या लेकीचा पाट लागला ते साल दोन हजार एकोणचाळीस. वैशाख सरत आला होता. मायाक्काचं पहिलं लग्न बारा वर्षांपूर्वी मोडलं होतं. पस्तिसाव्या वर्षी ती सतीश वाघमोडेच्या शेजारी बसली तेव्हा मांडवात चाळीस माणसंही नव्हती. दोघं म्हसवडच्या माळावरच्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीचं काम करत. माझी नणंद मांडवातच म्हणाली, "वर चढून सोयरीक जमवली, आता खाली उतरून संसार करा म्हणावं." माया हसली. तिचं ते हसू मी बारा वर्षांनी बघत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ती पडली. खांबाच्या आतल्या शिडीवरून, शेवटच्या टप्प्यात, कमरेचा सुरक्षेचा पट्टा सोडल्यावर. उंची फार नव्हती, पण खाली लोखंडी पेटी होती. उजव्या मांडीचं हाड मधोमध चुरगळलं. सतीशनं तिला पाठीवर घेऊन गाडीत घातलं आणि मला फोन करून आधी माझ्याकडं आणलं.

मी हाडं बसवणारी बाई. बायजा हाडवाली म्हटलं की माण तालुक्यात घर दाखवायला माणूस लागत नाही. माझ्या बापानं मला मेंढरांवर शिकवलं. कोकराचा मोडलेला पाय हातात द्यायचा आणि डोळे मिटायला लावायचा. "बोटांनी बघ," म्हणायचा. हाड कुठं निसटलं, टोक कुणीकडं वळलंय, ते बोटांना कळेपर्यंत डोळे उघडू द्यायचा नाही. मग बांबूच्या कामट्या, वर कापडाची पट्टी, आणि एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी पट्टी सोडायची आणि करडईचं तेल कोमट करून चोळायला लागायचं, खालून वर, नेहमी खालून वर. नाही चोळलं तर सांधा आखडतो. एकदा एका कोकराला मी चोळायची विसरले, ते मरेपर्यंत तीन पायांवर चाललं.

पण मायाची मांडी मी हाताळली आणि हात काढून घेतला. बसवायला आत हाडच नव्हतं. सात सेंटिमीटरचा चुरा झाला होता. मीच म्हटलं, "पाव्हणं, हे माझं काम न्हवं. मिरजला न्या."

मिरजेच्या त्या दवाखान्यात डॉक्टर निरंजना कित्तूर होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना समोरच्याकडं नीट बघणाऱ्या. मी हाडवाली आहे हे कळल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि सगळं उलगडून सांगितलं.

हाडाच्या आत जो गर असतो, त्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्यांना मूळपेशी म्हणतात. त्यातली एखादी हाड होऊ शकते, कूर्चा होऊ शकते, चरबीही होऊ शकते. काय व्हायचं ते तिला बाहेरून सांगावं लागतं. सांगायचं काम काही प्रथिनं करतात. असं प्रथिन वाहत येतं आणि पेशीच्या अंगावर त्याच्याच मापाची एक जागा असते तिथं बसतं. ते बसलं की आत निरोप सुटतो. एक रेणू दुसऱ्याला हलवतो, दुसरा तिसऱ्याला, असा तो पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो. तिथं हाड घडवण्याच्या सूचना मिटून ठेवलेल्या असतात, त्या उघडतात. मग पेशी आपल्याभोवती आधी चिवट जाळं विणते आणि त्यात चुना धरू लागते.

"म्हंजी शीळ," मी म्हटलं. "आमी शीळ घातली की म्होरली मेंढी वळती. तिच्या मागं बाकीच्या."

कित्तूर बाई हसल्या. "अगदी तसंच, आजी. पण सात सेंटिमीटरच्या खड्ड्यात आपली शीळ पोचत नाही. म्हणून नवीन उपचार आहे. आम्ही त्याला सांगावा म्हणतो."

सांगावा म्हणजे समुद्रफेसासारखा सच्छिद्र तुकडा आणि त्यात भरलेला लगदा. लगद्यात मायाच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या मूळपेशी. त्यांच्यात एक बदल केलेला असतो. निरोप ऐकलेली पेशी तोच निरोप स्वतः तयार करून शेजारणीला देते. ती तिच्या शेजारणीला. असं करत हाड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत जातं. दुसऱ्या टोकाला जुनं, मुरलेलं हाड असतं. त्यातल्या पेशी उलट सांगावा धाडतात, "पुरे, थांबा." तो आला की सगळं शांत होतं.

"आणि त्यो आलाच न्हाई तर?" मी विचारलं.

"दोन्ही बाजूंना हाड आहे, म्हणजे येणारच. फक्त लगदा जागचा हलता कामा नये. तो मांसात शिरला तर तिथं थांबा म्हणणारं कुणी नाही. मांसातही मूळपेशी असतात, आणि दाबलेलं, दुखावलेलं मांस तर त्यांना हाका मारूनच गोळा करतं. म्हणून नव्वद दिवस अजिबात हात लावायचा नाही."

हे सगळं मला कळलं होतं. न कळून काही झालेलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली. बारा दिवसांनी माया वस्तीवर आली. सासरी करायला बाई माणूस नव्हतं, म्हणून माझ्याकडं. मांडीला एक राखाडी पट्टा होता. तो आतलं हाड मोजायचा आणि मिरजेला कळवायचा. सोबत अकरा ओळींचा कागद होता. अक्षरं मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, मायाकडूनच. तिनं अंगणात कामटीनं गिरवून घेतली होती. तो कागद मी बोट ठेवून वाचला. चौथी ओळ अशी होती: नव्वद दिवस मांडीला चोळू नये, दाबू नये, तेल लावू नये, शेकू नये.

शस्त्रक्रियेनंतर बाविसाव्या दिवशी सकाळी मी मायाचा गुडघा वाकवून बघितला. पंधरावीस अंश वाकला आणि थांबला. तिच्या कपाळावर घाम आला.

"आखडला व्हय गं?" मी म्हटलं.

"लई ताठलाय, आये. असाच ऱ्हायला तर शिडी कशी चढू?"

मी पाय हळूच खाली टेकवला. पण दुपारी माझे हात मला बसू देईनात. मी करडईचं तेल कोमट करून वाटी घेऊन आले. मायानं वाटीकडं बघितलं.

"कागद वाचलास न्हवं?"

"वाचला."

"मग?"

"त्यो ज्यास्नी चोळता येत न्हाई त्यांच्यासाठी लिवलाय."

"ह्याच्यासाठी तुला अक्षर शिकवलं व्हय मी?" ती हसत सुटली. मग तिनं गुडघ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हळू चोळ. आन् सतीशला सांगू नगंस. त्यो डॉक्टरांचा माणूस हाय."

पट्टा तिनं स्वतःच्या हातानं सोडला. तासाभरानं परत बांधला. मिरजेहून फोन आला, पट्टा दुपारी बंद का होतो म्हणून. माया म्हणाली, "आंघोळीला काढते."

एकोणीस दिवस मी चोळलं. खालून वर, गुडघ्यापासून खुब्यापर्यंत, आणि हात सुटता सुटता कमरेवरून पाठीपर्यंत. आठ दिवसांत गुडघा काटकोनात आला. सतीश रविवारी आला तेव्हा मायानं त्याला पाय वाकवून दाखवला.

"मिरजवाल्या बाई लई हुशार," तो म्हणाला.

मायानं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की मी वस्तीवर सगळ्यांना पुरणपोळी घातली.

एकोणिसाव्या दिवशी माझ्या अंगठ्याला मांडीच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी लागलं. सुपारीएवढं. मी हात थांबवला, डोळे मिटले आणि बापानं शिकवल्यासारखं बोटांनी बघितलं. गाठ असती तर सरकली असती. सूज असती तर दबली असती. ते हाड होतं. मांसाच्या मधोमध, जिथं हाडानं असू नये तिथं, कोवळं हाड. त्याच्या वर चार बोटांवर आणखी एक कण होता, मोहरीएवढा.

"काय झालं?" मायानं विचारलं.

"काय न्हाई. आता पुरे चोळायचं. गुडघा सुटलाय."

आठ दिवस मी कुणाला बोलले नाही. रोज वाटायचं, विरेल. हाड विरत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मग एका सकाळी पट्टाच वाजायला लागला आणि मिरजेहून गाडी आली.

जानेवारीचा शेवट होता. कित्तूर बाईंनी पडद्यावर मांडी दाखवली. मोडलेल्या जागी नवं हाड सरळ चाललं होतं, आणि बाजूला मांसात पांढरा डाग होता. मोहरीएवढा कण पडद्यावर दिसत नव्हता. त्या मायासमोर बसल्या आणि विचारलं, "माया, खरं सांग. कुणी चोळलं होतं? दाबलं होतं?"

माझ्या हातांना अजून तेलाचा वास येतोय असं मला वाटलं. मी ते पदराखाली घेतले.

"न्हाई," माया म्हणाली. "मोरीत घसरले मी. ह्याच जागेवर आपटले. आये रागावंल म्हणून सांगितलं न्हाई."

"एकदाच?"

"एकदाच."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. माझं नाव बदनाम होऊ नये म्हणून माझी लेक खोटं बोलत होती. पन्नास वर्षांत बायजानं बसवलेलं माणसाचं एकही हाड बिघडलं नव्हतं, ते नाव. मी मान खाली घातली. बाईंना वाटलं, मी पोरीवर रागावले.

मग त्यांनी समजावलं. थांबण्याचा सांगावा असलेलं औषध त्यांच्याकडं होतं. पण ते मांडीभर सोडलं तर चांगलं हाडही थांबलं असतं, आणि पाय हातचा गेला असता. मार एकाच जागी बसलाय, तर औषधही एकाच जागी देऊ, असं त्या म्हणाल्या. सुई त्या सुपारीएवढ्या जागी दिली. महिन्याभरात ती जागा निवली. आम्ही देवाला नारळ फोडला.

मार्चमध्ये नव्वद दिवस संपून गेले होते. माया कुबडीशिवाय अंगणात चालली. जूनमध्ये तिचा खुबा अडला. सकाळी उठायला गेली आणि कमरेतून वाकता येईना. मी तिच्या पाठीवर नुसती बोटं टेकवली. मणक्याच्या उजव्या बाजूला, माझा हात जिथं सुटायचा तिथं, एक पट्टी तयार झाली होती. कामटीसारखी.

तिला मिरजेला नेलं तेव्हा मी सतीशला म्हटलं, "तुमी मायाजवळ बसा." आणि एकटी बाईंच्या खोलीत गेले. उभ्यानंच सांगितलं.

 त्यांनी वही ओढली.

"किती दिवस?"

"एकोणीस."

"कुठून कुठपर्यंत?"

मी माझ्याच मांडीवर हात ठेवून दाखवलं. गुडघ्यापासून वर, खुब्यावरून, कमरेवरून. दाखवताना मला दिसलं की मायाच्या अंगात हाड कोणत्या वाटेनं चाललंय. माझ्या हाताच्या वाटेनं.

"जानेवारीत कळलं असतं तर," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"बोला."

"मी मांडीभर थांबण्याचं औषध दिलं असतं. नवं हाड मेलं असतं. कदाचित पाय मांडीपासून काढावा लागला असता. पण ते वर सरकलं नसतं."

"आन् आता?"

"आता ते पाठीत आहे, कदाचित बरगड्यांजवळ. औषध देऊ. पण सुई टोचली तरी तिथलं मांस दुखावतं, आणि दुखावलं की ते मूळपेशींना हाका मारतं. कापून काढता येत नाही, आजी. कापलं की दुप्पट येतं."

मी बाहेर आले. सतीशला त्याच दिवशी सांगितलं. तो गाडीशी जाऊन उभा राहिला, परत आला आणि म्हणाला, "मामी, मला एक फोन करायचा हुता. मी येऊन तुमचं हात धरलं असतं." त्यानंतर माझ्याशी तो कामापुरतंच बोलला. पण मायाला सोडून गेला नाही. दिवसा टॉवर आणि संध्याकाळी वस्ती, असं त्यानं शेवटपर्यंत केलं.

मायाला मी घरी आल्यावर सांगितलं. जानेवारीत पाय देऊन बाकीचं अंग वाचलं असतं, तेही सांगितलं. ती उताणी पडून होती, मान वळवता येत होती तेव्हा अजून.

"मी तुझ्यासाठी खोटं बोलले, आये," ती म्हणाली. "तू माझ्यासाठी खरं बोलायचं हुतंस."

"मला वाटलं..."

"तुला कळलं हुतं. तुझ्या बोटाला कळलं हुतं की."

त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी ताट ठेवायची, ती जेवायची. पाणी हवं असलं तर संध्याकाळपर्यंत थांबून सतीशला मागायची. बाराव्या दिवशी मी तिच्या खाटेजवळ केर काढत होते.

"डोक्याला तेल घाल," ती म्हणाली. "डोक्याचं चालतंय न्हवं? इचारलंस का बाईंना?"

मी तिथूनच फोन लावला. कित्तूर बाई म्हणाल्या, "केसांना लावा. बोटं टेकवा, दाबू नका."

म्हणून मी दाबलं नाही. पन्नास वर्षं दाबणारे हात नुसते टेकवायला मला शिकावं लागलं. माया म्हणायची, "आगं, तेल लावतीस का माशी हाकलतीस?" आणि आम्ही दोघी हसायचो. ते रोज चाललं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात कित्तूर बाई स्वतः वस्तीवर आल्या. दुसरा खुबाही धरत आला होता. त्यांनी मायाला सरळ सांगितलं की दोन-तीन महिन्यांत कंबर आणि खुबे कायमचे अडकतील. ज्या स्थितीत अडकतील तीच राहील. बसून की झोपून, ते तिनं आत्ताच ठरवावं. त्याप्रमाणे रोज तितका वेळ तसं राहायचं.

सतीश म्हणाला, "झोपून बरं. त्रास कमी हुईल."

"बसून," माया म्हणाली. "निजलेल्या माणसाकडं लोक वरनं बघत्यात."

मग सतीशनं तिच्या मापाची खुर्ची करून आणली. पवनचक्कीच्या पात्याचा टाकून दिलेला तुकडा पाठीला लावला होता, हलका आणि वाकदार. ती खुर्ची आम्ही अंगणात माळाकडं तोंड करून ठेवली. माया तिथून चक्क्या मोजायची. कुठली बंद आहे, कुठल्या पात्याचा आवाज बिघडलाय, ते सतीशला सांगायची. "चौदा नंबरचं बेअरिंग गेलंय. कुणाला पाठवलंय वर, झोपाळू माणसाला?" तो वर जाऊन बघायचा, आणि खरंच चौदा नंबरचं बेअरिंग गेलेलं असायचं.

माझ्याकडं लोक येत राहिले. मी कामट्या बांधायची, पण मायाचं काय झालं ते सांगून झाल्यावर. मिरजेचा सांगावा घेतलेला माणूस आला तर दारातूनच परत लावायची. कित्तूर बाईंनी माझ्या सांगण्यावरून कागद बदलला. चौथी ओळ पहिली केली आणि तिच्याखाली लिहिलं: हाडवैद्यांनीही चोळू नये. पट्टाही बदलला, तो आता रोग्याला सोडता येत नाही.

दोन हजार बेचाळीसच्या हिवाळ्यात बरगड्या जुळत आल्या. श्वास घेताना छाती फुगेना, नुसतं पोट हलायचं. माया थोडं थोडं बोलायची, दोन शब्द आणि थांबा. यंत्रावर ठेवायचं का, असं बाईंनी विचारलं. मायानं मान हलवायचा प्रयत्न केला आणि मग तोंडानं म्हणाली, "न्हाई."

त्या शेवटच्या आठवड्यात एकदा ती म्हणाली, "आये, पाय कसा हाय?"

"कुठला?"

"मोडलेला."

बाईंनी आदल्याच महिन्यात तपासून सांगितलं होतं. मी म्हटलं, "जुळलाय. पुरा जुळलाय."

"बघ की. हात लाव."

मी तिच्या उजव्या मांडीवर हात ठेवला. सगळी मांडी हाडच झाली होती. आतलं जुळलेलं हाड कुठलं आणि माझ्या हातानं चालवलेलं कुठलं, ते बोटांना कळेना. मी डोळे मिटून तसाच हात ठेवून बसले.

"चांगला जुळलाय," मी म्हटलं.

सावडायला आमच्यात बायका जात नाहीत. मी गेले. कुणी अडवलं नाही. राख निवली होती. सतीश आणि त्याचा चुलता डोक्याकडून वेचत आले, मी पायाकडून. माणसाच्या अंगातली हाडं मला सगळी ठाऊक आहेत. पण त्या राखेत अशी हाडं होती की त्यांना नाव नव्हतं. पत्र्यासारखी, झाडाच्या सालीसारखी, एक तर पानासारखं पातळ. ती मी एकेक उचलून गाडग्यात ठेवली. मग मांडीच्या हाडाचा तुकडा सापडला. मधला, वीतभर. मी त्यावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत एकदा. कुठं मोडलं होतं ते सापडलं नाही.

"मामी, द्या," सतीश म्हणाला. मी दिलं.

मायाक्का सतीश वाघमोडे, माझी लेक, नऊ मार्च दोन हजार बेचाळीस, रविवारी, सकाळी साडेआठ वाजता अंगणात खुर्चीत बसलेली असताना वारली. तिचं वय अडतीस होतं.